चौथी आगपेटी

कॅमेरा दिसायला पूर्ण झाला होता. जुन्या वाड्याच्या दारातून निघालेल्या सागवानाची चौकट, बोहरी आळीतल्या पितळी पट्ट्या, काळ्या कापडाचा भाता, पुढे १५० मिमीचं भिंग. चार बाय पाच इंची फिल्म महाग पडते, म्हणून पहिली चाचणी फोटोच्या कागदावर घेतली. हा कागद लाल दिव्यात न्हाणीघरातही धुता येतो. फक्त लांबी-रुंदीला दीडेक मिमी कमी कापावा, नाहीतर होल्डरच्या, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटीच्या, खाचेत अडकतो.

गच्चीवर सावलीत सात आगपेट्या उभ्या केल्या, तिरक्या ओळीत, प्रत्येक आधीच्या पेटीपेक्षा एक सेंटिमीटर मागे. चौथी भिंगापासून बरोबर एक मीटरवर. ग्राउंड ग्लास म्हणजे कॅमेऱ्यामागची खरखरीत काच; तिच्यावर चित्र बघून फोकस करायचा, मग फोटोसाठी तिच्या जागी होल्डर येतो. हातातल्या छोट्या भिंगातून ही काच बघत चौथीवरचं छापील अक्षर धारदार केलं. छिद्र पूर्ण उघडं, एफ ५.६. ही चाचणी एफ २२ वर, म्हणजे छिद्र बारीक करून, घेण्यात अर्थ नाही. तिथे सगळ्याच पेट्या बऱ्या दिसतात आणि दोष लपतो.

कागद धुऊन बघितला तर चौथी पेटी मऊ, म्हणजे पुसट, आणि पहिली धारदार. म्हणजे फोकस तीन सेंटिमीटर पुढे पडला होता. या भिंगाला एक मीटरवर मागची १ मिमी चूक पुढे सुमारे ३ सेंमी होऊन दिसते, तेव्हा काच फिल्मपेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर भिंगाच्या जवळ होती. असाच कॅमेरा पर्वतीकडे रोखला असता तर काचेवर देऊळ स्वच्छ दिसलं असतं आणि फिल्मवर चोवीस-पंचवीस मीटरवरचं झाड.

काच उलटी बसली की काय, ही पहिली शंका. खरखरीत बाजू भिंगाकडेच हवी. ती तशीच होती, आणि उलटी असती तर फोकस मागे गेला असता. मग व्हर्नियर कॅलिपरची खोली मोजायची दांडी चौकटीच्या टेकणीवरून, म्हणजे होल्डर जिथे टेकतो त्या पट्टीवरून, काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत सोडली. हवं होतं ४.८३ मिमी, म्हणजे होल्डरच्या तळाची खोली ५ मिमी आणि त्यातून फिल्मची जाडी वजा. भरलं ३.९.

काच बसते ती खाच मी ४.८३ मोजूनच कापली होती. नंतर चौकट चिकटवली, कोपरे वरखाली राहिले, आणि ते सपाट करायला त्याच टेकणीवर रंधा फिरवला. गेलेलं लाकूड खाचेच्या खोलीतूनच गेलं! क्रम उलटा हवा: आधी चिकटवायचं, सपाट काचेवर ताणलेल्या पॉलिश पेपरवर तोंड घासून एकसारखं करायचं, खाच सगळ्यात शेवटी.

दुरुस्ती पटाशीने. नेमक्या मापाच्या नादी न लागता मुद्दाम ५.१ पर्यंत खोल गेलो, कारण लाकूड परत चिकटवण्यापेक्षा कागदाची पट्टी घालणं सोपं. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी भरतो. चारही कोपऱ्यांत तीन-तीन पट्ट्या ठेवल्या आणि प्रत्येक कोपरा वेगळा मोजला. एकच कोपरा वर राहिला तर चित्राची एक बाजू कायम मऊ येते, आणि तो दोष भाता किंवा भिंगाच्या माथी मारला जातो.

संध्याकाळच्या कागदावर चौथ्या पेटीचं अक्षर न् अक्षर वाचता आलं. मग पट्ट्या चिकटवल्या, काचेवर क्लिपा आवळल्या. पॉलिशचा शेवटचा हात बाहेरच्या बाजूंना दिला. होल्डर टेकतो ती पट्टी कोरडी ठेवली.