नकाशातला लाल ठिपका

नकाशावर चिमनी रॉक या डोंगराची ती अख्खी धार लालभडक होती. लाल म्हणजे इथे कुणी घर बांधणार नाही.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या नैर्ऋत्येला, पुएब्लो या तिथल्या मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या वस्त्यांचे नकाशे करायच्या कामावर मी होते. पाणी किती लांब, माती किती खोल, उतार, ऊन अशी माहिती भरली की संगणकातलं मॉडेल वस्तीजोगी जागा हिरवी दाखवायचं. खोऱ्यातली घरं नेमकी हिरव्यात पडत होती. चिमनी रॉक मात्र जुळेना. खोऱ्यापासून सुमारे 300 मीटर उंच, अरुंद खडक, पाण्याचा थेंब नाही, आणि तिथे पस्तीसेक खोल्यांचं दगडी ग्रेट हाउस, म्हणजे त्या काळातली भव्य इमारत! अहवालात मी लिहून टाकलं होतं, ‘अपवाद’.

सप्टेंबरात प्रत्यक्ष वर गेलो. सोबत सल्लागार म्हणून पुएब्लो समाजातले एक वयस्क गृहस्थ होते. गाडी बरीच वर जाते, शेवटचा चढ तेवढा पायी. माझी पाण्याची बाटली गाडीतच राहिली आणि वर पोचेपर्यंत घशाला कोरड पडली. त्यांनी स्वतःची बाटली पुढे केली. मग भिंतीजवळ वाकून दोन दगडांच्या फटीतल्या वाळलेल्या गाऱ्यावर बोट ठेवलं. “हा कालवायलाही पाणी लागलं असेल. तेही खालूनच आणलं.”

मी नुसती बघत राहिले. माझ्या हिशेबात पाण्याचं अंतर म्हणजे जागा नाकारायचं कारण. या लोकांनी तर प्यायच्याच नव्हे, भिंतीच्या पाण्यासाठीही हा चढ चढला होता.

समोर दोन उत्तुंग सुळके होते. चंद्र दर 18.6 वर्षांनी उत्तरेच्या आपल्या टोकाला पोचतो, तेव्हा इथून तो बरोबर त्या दोघांच्या मधून उगवताना दिसतो. 1988 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मॅलव्हिल यांनी हे दाखवून दिलं. इथल्या लाकडांतल्या वाढीच्या वर्तुळांवरून बांधकामाची दोन वर्षं निघाली आहेत, 1076 आणि 1093. दोन्ही वेळा चंद्र त्याच उत्तर टोकाच्या आसपास होता. दक्षिणेला क्षितिजावर वेर्फानोचा डोंगर. तिथून पुढे चाको दरीच्या, म्हणजे या लोकांच्या तेव्हाच्या मुख्य केंद्राच्या, काठावरचं पुएब्लो आल्तो हे ग्रेट हाउस दिसतं, म्हणजे मधल्या एकाच डोंगरावरून जाळाची खूण थेट चाकोपर्यंत पोचवता येते. एका शाळकरी मुलीने आरसे चमकवून हे पडताळून पाहिलं होतं. मला ती गोष्ट फार आवडते.

परतताना मी म्हटलं, “एवढं बांधून शेवटी ओस टाकलं.” ते थांबले. “ओस नका लिहू. आमचे लोक पुढे गेले, पण आमची ये-जा आहे. आम्ही येऊन बोलतो इथे.”

मॉडेलमध्ये मी दृष्टिरेषेचा, म्हणजे कुठून काय दिसतं याचा, नवा थर घातला. पाण्याचे आकडे होते तसेच ठेवले, त्यामुळे ती धार अजून पूर्ण हिरवी होत नाही. ‘अपवाद’ खोडला. मग अहवालात ‘ओस’ शोधत बसले. अकरा ठिकाणी निघाला.