गोणी टाकली की थांबतं

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात आमचं बीपी तपासणीचं टेबल पहाटेच लागतं. सरकारी दवाखान्यात तिशीनंतर बीपी आणि साखर फुकट तपासून मिळते, पण ओपीडी उघडते तेव्हा रात्रभर गाड्या खाली केलेल्या माथाड्याचे डोळे मिटत असतात.

मामा आले ते गुडघ्याला मलम मागायला. मूळचे जावळीकडचे, पन्नाशीचे, कमरेला लोखंडी आकडा खोचलेला. बीपी बघू म्हटलं तर हसले. "मॅडम, पन्नास किलोची गोणी घेऊन थप्पीवर चढतो. मला काय धाड भरलीय?"

हे उत्तर मार्केटात ऐकलं नाही असा दिवस जात नाही. तंबाखू थुंकायला लावली आणि त्यांना भिंतीला पाठ टेकून बसवलं. नुकतंच ओझं टाकलेल्या माणसाचं बीपी लगेच घेतलं तर आकडा फुगतो आणि आपण उगाच त्याला घाबरवतो. अर्ध्या तासाने घेतलं, तरी १७८/१०८. डोकंबिकं काही दुखत नव्हतं. बहुतेकांचं दुखत नाहीच.

मामा उठायला लागले तेवढ्यात मागून मुकादम म्हणाला, "ह्याला पित्ताचं पण काहीतरी द्या. थप्पी चढताना छातीत आवळतंय म्हणतो, मग सोडा पितो."

मी मामांना परत खाली बसवलं. कधीपासून? दिवाळीपासून. किती वेळ? "गोणी टाकून टेकलो की दोन मिनिटांत थांबतं." बसल्याजागी कधी? कधीच नाही. पित्त काही गोणी बघून येत नाही! कष्टाने वाढणारी आणि विसावलं की थांबणारी ही कळ हृदयाला रक्त कमी पडत असल्याची. आमच्याकडच्या ईसीजीत विशेष काही दिसेना, पण अशा माणसाचा विसाव्यातला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबले नाही. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, चिठ्ठी लिहिली आणि टोळीतल्या एका पोराला सोबत देऊन रिक्षात बसवलं. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद सापडली. स्टेंट बसला. अ‍ॅटॅक आला नव्हता, हे नशीब.

"एवढी अंगमेहनत करतो, तरी मला कसं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण हमाली म्हणजे व्यायाम नव्हे. चालायला जाणारा दमला की थांबतो; हमाल गाडी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. ओझं उचलताना तो दम कोंडतो आणि त्या क्षणी बीपी उसळतं, तासन्‌तास, गोणीमागून गोणी. वर अर्धवट झोप, दाढेखाली तंबाखू, खाणावळीचं खारट कालवण.

सुट्टीची मात्र पंचाईत होती. वाराई, म्हणजे गाडी भरण्या-उतरवण्याची मजुरी, टोळीत वाटली जाते. कामावर नाही त्याला वाटा नाही. मुकादमानेच तोड काढली: डॉक्टर हो म्हणेपर्यंत मामांनी गोण्या मोजायच्या, वाटा पूर्ण. हे कुठल्या नियमात बसतं मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. त्या पहाटे टोळीतले बाकीचेही मुकाट रांगेत उभे राहिले, आणि आणखी दोघांचं बीपी चढलेलं निघालं.

मामा आता गोळ्या चुकवत नाहीत. तंबाखूचा विषय काढला की मात्र म्हणतात, "मॅडम, मीठ सोडलं, गोणी सोडली, आता हे पण?" या भांडणात अजून तरी तेच वरचढ आहेत.