मेंझीजचं यमक कशाशी जुळवायचं?

स्कॉटिश आडनावात झेड दिसला की लगेच झ म्हणून मोकळं व्हायचं नाही, आधी जरा थांबायचं. सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे मेंझीज. एम-ई-एन-झेड-आय-ई-एस, आता हे कुणीही मेंझीजच वाचणार ना, पण जुन्या वळणाचा स्कॉटिश माणूस म्हणणार मिंगिस. आणि त्यातला ग पण नीट वाजत नाही, 'सिंगिंग' म्हणताना मधे जो नाकातून आवाज येतो ना तो, म्हणजे चक्क आपला ङ! वाङ्मय सोडलं तर ज्याला वर्षभर कुणी विचारत नाही तो बिचारा ङ इथे अगदी फिट्ट बसतो. मिङिस. रोमन लिपीत ज्याच्यावरून एवढा गोंधळ आहे ते आपल्याकडे एका अक्षरात लिहून होतं, मला तर याचंच जास्त कौतुक वाटलं.

मग हा झेड आला कुठून? तर तो झेड नव्हताच मुळात. जुन्या इंग्रजी आणि स्कॉट्स (स्कॉटलंडमधली इंग्रजीची बहीणभाषा) लिखाणात योख नावाचं एक अक्षर होतं, दिसायला साधारण आपल्या ३ सारखं, आणि उच्चार बहुतेक वेळा य च्या जवळपास किंवा घशातून काढलेला ख. हाताने लिहिताना शेपटीवाला झेड आणि हा योख इतके सारखे दिसायचे की कुठला कुठला ते संदर्भावरूनच कळायचं. १५०८ मधे एडिंबरामधे छपाई सुरू झाली आणि तिथे पंचाईत झाली, कारण छपाईचे खिळे, म्हणजे धातूची अक्षरं, यायचे युरोपातून आणि त्यात योख कुठून असणार. मग दिसायला जवळचा म्हणून झेडच लावून दिला. इंग्लंडमधे त्याच जागी वाय किंवा जी-एच घातले त्यामुळे तिकडे हा घोळ झाला नाही, स्कॉटलंडमधे मात्र झेड कायमचा चिकटला. म्हणजे छापखान्यात एक खिळा नाही म्हणून आख्ख्या घराण्याचं नाव लोक शतकानुशतकं भलतंच वाचतायत!

अर्थ म्हणाल तर त्यात काही शौर्यबिर्य नाही, साधं गावाचं नाव आहे. फ्रान्समधे नॉर्मंडीत रुआंच्या बाजूला मेनिएर नावाचं गाव आहे, तिथले लोक आधी इंग्लंडमधे आणि मग स्कॉटलंडमधे आले आणि तेराव्या शतकात त्यांच्यातला रॉबर्ट द मेनर्स स्कॉटलंडच्या राजाचा चेंबरलेन म्हणजे खजिना सांभाळणारा मोठा अधिकारी झाला. गंमत म्हणजे इंग्लंडमधलं मॅनर्स हे आडनाव, रटलंडच्या ड्यूकांचं, ते पण त्याच गावावरून आलेलं मानतात. त्याचा रीतभातीशी काहीएक संबंध नाही. इकडे मेनिएरमधला न आणि य एकत्र येऊन ञ सारखा आवाज झाला, तो लिहायला न च्या पुढे योख, आणि बोलता बोलता ञ चा ङ. झालं मिङिस.

आता यमक. इंग्रजीत हे नाव 'थिंग इज', 'स्टिंग इज' अशा दोन-दोन शब्दांशी जुळतं, आणि लिमरिक (पाच ओळींची गमतीशीर कविता) लिहिणारे मुद्दाम त्या शब्दांचं स्पेलिंग पण मेंझीजसारखं झेड घालून करतात, म्हणजे डोळ्याला एक यमक आणि कानाला दुसरंच. मराठीत ही स्पेलिंगची मजा करताच येत नाही कारण आपण बोलतो तसं लिहितो (बऱ्यापैकी), पण कानाचं यमक जुळतं की! हे बघा माझं:

मिंगिस म्हणाला मुंगीस,
का गं चढलीस पुंगीस?

बॅगपाइपला पुंगी म्हटल्याबद्दल समस्त स्कॉटिश मंडळींनी माफ करावं. ङ चा सरळ ग केलाय हे पण मान्य, यमकासाठी तेवढं चालतं.

हे नाव प्रत्यक्षात कोण कसं म्हणतं हे अजून मजेशीर आहे. ब्रिटनमधल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे २००६-०७ मधले नेते मेंझीज कॅम्पबेल, त्यांना सगळे मिंग म्हणायचे. ऑस्ट्रेलियाचे सगळ्यात जास्त काळ पंतप्रधान राहिलेले रॉबर्ट मेंझीज मात्र झ वालेच, तरी टोपणनाव पडलं मिंग! आणि डग्लस फर नावाचा तो उंचच उंच वृक्ष, त्याच्या शास्त्रीय नावात मेन्झिसिआय आहे ते आर्चिबाल्ड मेंझीजमुळे, जन्म १७५४, गाव अबरफेल्डीजवळ. म्हणजे एकाच झाडाच्या रोजच्या नावात एक स्कॉटिश माणूस आणि शास्त्रीय नावात दुसरा.

डॅल्झिएल हे आडनाव तर याच्याही वरताण. स्पेलिंग एवढं लांबलचक आणि उच्चार फक्त डी-एल, जोर एलवर, म्हणजे यमक 'वेल', 'टेल'शी. ब्रिटनचे माजी खासदार टॅम डॅलिएल यांच्या घराण्याने झेड काढून वाय घातला, पण त्याने वाचणाऱ्याचं काही सोपं झालं नाही, उच्चार तोच डी-एल. घराण्याचं ब्रीदवाक्य 'माझी हिंमत आहे' अशा अर्थाचं आहे आणि आडनावाचा अर्थ पण तोच म्हणून राजाच्या काळातली एक दंतकथा सांगतात, पण मुळात ते लॅनार्कशरमधल्या एका जागेचं नाव आहे, गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत दाल म्हणजे नदीकाठचं शेत. मला दंतकथेपेक्षा शेतच पटतं.

मॅकेंझीचं मात्र काम संपलं. ते पण पूर्वी मॅकिंगीच्या जवळपास म्हणायचे, गेलिकमधे मॅककोन्यिख, कोन्याखचा मुलगा, आणि कोन्याख म्हणजे देखणा, ज्याचं इंग्रजीत केनेथ करतात. पण आता खुद्द स्कॉटलंडमधे सुद्धा सगळे झ च म्हणतात आणि तिथे जाऊन मॅकिंगी म्हणालात तर लोक तुमच्याचकडे बघतील. कलझीन किल्ल्याचं तसं झालं नाही, तो अजून कलेनच आहे. आणि शेटलंड बेटांना तर सरकारी कागदांवर १९७५ पर्यंत झेटलंड लिहायचे, बेटांचा पोस्टकोड आजही झेड-ई ने सुरू होतो.