जर्मनी ठरली, पण पत्र अडलं

एमएससाठी देश निवडताना फी, नोकरी, थंडी, भाषा या सगळ्यावर लोक भरभरून सल्ले देतात. स्वतःच्या विद्यापीठाकडून एक सहीशिक्क्याचं पत्र कधी हातात पडेल, हे मात्र कुणी सांगत नाही. माझा सगळा वेळ त्यातच गेला आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

देश ठरवणं सोपं होतं. अमेरिकेचा खर्च घर तारण ठेवल्याशिवाय निघत नव्हता आणि ते मला करायचं नव्हतं. कॅनडानं व्हिसासाठी खात्यात दाखवायची रक्कम जानेवारी २०२४ पासून थेट २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली, फी वेगळी. इंग्लंडचं एमएससी एका वर्षात संपतं, पण मेकॅनिकलला तेवढ्यात हाताला काम लागेल असं मला वाटेना. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फीच नाही, फक्त सेमिस्टरचं अंशदान. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे. ‘जर्मनीत सगळं फुकट’ असं कुणी सांगितलं तर आधी राज्य आणि विद्यापीठ विचारा.

एपीएस प्रमाणपत्राचे (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत असं जर्मन बाजूनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र) १८,००० रुपये भरले, कागद दिल्लीला कुरिअर केले, ते काम झालं.

अडलं ते पुढे. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए ते एका सूत्रानं बदलतात: कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकानं भागायचं, तीननं गुणायचं आणि एक मिळवायचा. माझा सीजीपीए ७.४. किमान उत्तीर्ण ४ धरलं तर उत्तर २.३ येतं. तेच ५ धरलं तर २.५६. मला हवे होते त्या अभ्यासक्रमांची अट होती २.५ किंवा त्याहून चांगलं. म्हणजे माझा प्रवेश एका आकड्यावर टांगलेला, आणि तो आकडा आमच्या गुणपत्रिकेवर कुठेच स्पष्ट छापलेला नव्हता. ‘किमान उत्तीर्ण श्रेणी ४’ एवढं एक वाक्य परीक्षा विभागानं लेटरहेडवर द्यायचं होतं.

“ताई, असं पत्र आमच्याकडून निघत नाही,” पहिल्या टेबलावर उत्तर मिळालं. अर्ज आवक विभागात द्या. दिला. आवक क्रमांक मिळाला. मग फाइल दुसऱ्या टेबलावर, तिथले भाऊसाहेब रजेवर. ते आले तेव्हा म्हणाले की हा विषय पात्रता विभागाचा. पात्रता विभागानं परत परीक्षा विभागाकडं बोट दाखवलं. पप्पा माझ्याबरोबर अर्धी रजा टाकून यायचे आणि बाकड्यावर बसून राहायचे. तिकडं १५ जुलैची मुदत जवळ येत होती. काही विद्यापीठांची मुदत तर त्याआधीच संपते. ज्या माणसाला रोज हेच काम करायचं आहे, त्यानं समोरच्या मुलीचं वर्ष वाया जाऊ शकतं याचा एकदाही विचार करू नये, हे मला आजही सहन होत नाही.

शेवटी मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आमच्या बॅचचं श्रेणी पद्धतीचं परिपत्रक शोधलं, उत्तीर्णतेची ओळ अधोरेखित केली, पत्राचा मसुदा स्वतः टाइप केला आणि थेट उपकुलसचिव मॅडमना भेटले. त्यांनी परिपत्रक वाचलं, मसुद्यात एक शब्द बदलला आणि त्याच दुपारी सही केली. बाहेर येऊन मी पप्पांना गोल शिक्का दाखवला तेव्हा मला खरंच रडू आलं.

म्हणून कळकळीनं सांगते: शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की ट्रान्सक्रिप्टसोबतच हे पत्र मागा. मसुदा आणि परिपत्रक बरोबर न्या. दोन-तीन मूळ प्रती सही करून घ्या, आणि आवक क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी असतं, पासपोर्टवर तसं नसतं. दोन्हीकडं नाव कसं आहे ते अर्ज भरण्याआधीच तपासा. युनि-असिस्टला (बऱ्याच जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणारी संस्था) पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाचे ३० लागतात, त्यामुळे सरसकट दहा ठिकाणी अर्ज करू नका. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम अडकवून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो एकदम भरावे लागतात, पण तिकडं गेल्यावर महिन्याला ९९२ च हातात येतात. घराचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचा खर्च त्यातून भागेल असं धरू नका, ती रक्कम वेगळी न्या. आणि बारावीनंतर जायचं असेल तर हे सगळं वेगळं आहे. नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही, आधी श्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठाच्या पूर्वतयारीचं, वर्ष करावं लागतं.