मॉनिटर नसलेल्या पीसीला ओरडायला लावताना

अंबड एमआयडीसीतल्या शेडमध्ये कोपऱ्यातला उबुंटू लिनक्सचा पीसी रोज रात्री आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने बॅकअप घेतो. मॉनिटर नाही, साउंड कार्डला काही जोडलेलं नाही. बॅकअप फसला तर आतल्या बझरने ओरडावं, एवढंच काम.

आधी स्क्रिप्टमध्ये प्रिंटएफने बॅकस्लॅश-ए छापलं, म्हणजे आस्कीतला 7 नंबरचा कॅरॅक्टर. लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून पीसीत शिरून, चालवल्यावर पीसी गप्प, टूं वाजलं लॅपटॉपमध्ये. बिघाड नव्हे, तो बाइट टर्मिनलकडे जातो आणि टर्मिनल लॅपटॉपवर असतं. ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला तर टर्मिनलच नसतं. म्हणून 'बीप' नावाचं पॅकेज टाकलं.

तरी आवाज नाही. स्पीकरचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, पीसीएसपीकेआर. उबुंटू ते ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे आपोआप लोड न करायच्या यादीत, टाकून ठेवतं. त्या फाइलमधली कॉमेंट वाचण्यासारखी आहे: हा आवाज कर्कश, सगळ्यांच्या डोक्यात जाणारा! मॉडप्रोब कमांडने हाताने लोड होतं, पण रीस्टार्टनंतर गायब. बूटच्या यादीत नाव घालूनही भागत नाही, बूट सांभाळणारं सिस्टमडी ब्लॅकलिस्ट पाळतं. ब्लॅकलिस्टमधली ती ओळच पुढे हॅश (#) लावून बंद करावी लागते.

मग हार्डवेअर. बोर्डवर 'स्पीकर' लिहिलेल्या 4 पिना होत्या, बझर नव्हता. कडेच्या दोनच पिना कामाच्या. बझर पॅसिव्ह घ्या. अ‍ॅक्टिव्हमध्ये स्वतःचा ऑसिलेटर, म्हणजे एकच सूर काढणारं सर्किट, असतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी बदलून उपयोग होत नाही. बीपचा मूळ सूर 440 हर्ट्झ, लेथच्या घरघरीत तो बुडतो. बीपला एफ (फ्रिक्वेन्सी) 2500, एल (लांबी) 400, आर (किती वेळा) 3 दिलं की 400 मिलिसेकंदांचे तीन टोले दारापर्यंत पोचतात.

परवानगीचा घोळ वेगळाच. 2018 साली बीपमध्ये सुरक्षेची चूक सापडली, तेव्हापासून नव्या आवृत्त्या सुडोखाली, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, चालायला साफ नकार देतात. जुन्या लेखांतला सेटयूआयडीचा (कोणीही चालवलं तरी प्रोग्रामला अ‍ॅडमिनचे हक्क देण्याचा) सल्ला विसरा. डिव्हाइसच्या परवानग्या ठरवणाऱ्या यूडेव्हच्या नियमाने स्पीकरचं डिव्हाइस 'बीप' ग्रुपला 0620 मोडने (ग्रुपला फक्त लिहिण्याची परवानगी) द्यायचं, युजरला त्या ग्रुपमध्ये घालायचं आणि पुन्हा लॉगिन करायचं.

शेवटी बॅकअपची डिस्क मुद्दाम काढून पाहिली. शुकशुकाट! आरसिंकचं आउटपुट पाइपने टी कमांडला (आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्येही टाकणारी) दिलं होतं, म्हणून शेलला एक्झिट कोड टीचा मिळत होता, म्हणजे 0, 'सगळं ठीक'. स्क्रिप्टच्या वरच्या ओळींत सेट -ओ पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर तिचा कोड धरायचा) घातलं आणि तीन टोले पडले. आरसिंकचा कोड 24 मात्र वगळा. कॉपी चालू असताना एखादी फाइल कोणी उडवली तरी तो येतो.