काकूंचा दीड तास

मे महिन्यातली लातूरची दुपार. दुर्बिणीतून पित्ताशय काढून आलेल्या काकूंना भेटायला गेलो. त्यांची तक्रार टाक्यांची नव्हतीच. "दुधासारखं औषध सोडलं बग हातात, अन् लगेच 'झालं काकू, उठा' म्हणायलेत. मधला दीड तास कुठं गेला?" सर्जनची सासुरवाडीसुद्धा त्यांना ठाऊक होती. भूल कुणी दिली विचारलं तर म्हणाल्या, "असंल कुणीतरी."

दीड तासाचं मात्र मला पटलं. आमच्या घराण्याला दुपारच्या झोपेचा भारी अभिमान. आबा लिंबाखाली बाजेवर, धोतराचा सोगा तोंडावर घेऊन घोरायचे. आम्ही पोरं मुद्दाम विचारायचो, "आबा, किती वाजले?" सोगा न हलवता उत्तर यायचं, "साडेतीन. चहा ठेव म्हणावं आईला." घड्याळ फार तर पाच मिनिटं इकडेतिकडे. झोपेतही आत कुणी हिशोबनीस जागा असतो. भुलीत तोच उठून जातो.

ते दुधी औषध म्हणजे प्रोपोफॉल. मेंदूतल्या पेशींना शांत ठेवणारं 'गाबा' नावाचं रसायन असतंच. प्रोपोफॉल त्याचा जोर वाढवतं. पेशींत क्लोराइड शिरतं, त्या मंदावतात, मेंदूच्या भागांचं आपसातलं बोलणं तुटतं, आठवण नोंदलीच जात नाही. केटामाइनची तऱ्हा निराळी, ते पेशींना चेतवणाऱ्या 'ग्लुटामेट' रसायनाला अडवतं. एवढं कळूनही जाणीव नेमकी कशी जाते, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा, १८८८ आणि १८८९ मध्ये, हैदराबादेत क्लोरोफॉर्म या तेव्हाच्या भुलीच्या औषधावर दोन आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरींचा आग्रह, निजामाचा पैसा आणि प्रयोगांत गेलेले मुक्या जनावरांचे जीव. निष्कर्ष असा की धोका श्वासाला, हृदयाला थेट नाही; तेव्हा नाडी सोडा, श्वास बघा. १९११ मध्ये संशोधक लेव्हींनी दाखवलं, हलक्या क्लोरोफॉर्मनेही हृदय एकाएकी बंद पडू शकतं. म्हणजे निष्कर्ष चुकला, पण श्वासावर नजर ठेवायची सवय काही वाईट नव्हती. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म द्यायच्या. जगातल्या अगदी पहिल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांपैकी एक. आपल्याकडे कितीजणांना हे नाव ठाऊक आहे?

दिवाळीनंतर माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. सर्जन कोण ते भावाने ठरवलंय. भूल कोण देणार, ते मी स्वतः विचारून आलो.