तारडगावच्या वाटेवर गळ्यातला क्रूस

लोणंदचा मुक्काम आटोपून माउलींची पालखी तारडगावकडे निघाली, तेव्हा आमच्या दिंडीत मी एकटीच कॅथलिक होते. साताऱ्यात माझ्या शेजारी राहणाऱ्या काकूंनी लोणंद, तारडगाव, फलटण आणि बरड हे जिल्ह्यातले चार मुक्काम तरी आमच्याबरोबर चाल, असा आग्रह धरला होता. माझ्या गळ्यात नेहमीची क्रूसमूर्ती, म्हणजे क्रुसावर खिळलेल्या येशूची छोटी मूर्ती, होती. ती मी झाकली नाही आणि कोणी तसे सुचवलेही नाही.

चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण झाले, अश्व धावला आणि गर्दी सैल झाली. तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून एक आजी माझ्या शेजारी टेकल्या आणि माझ्या गळ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, "पोरी, ह्यो कोण देव गं? आनि त्येला असं खिळ्यांनी ठोकल्यालं का ठिवलंय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझ्या प्रोटेस्टंट मैत्रिणींच्या चर्चमध्ये क्रूस रिकामा असतो; प्रभू मरणातून उठला आहे, म्हणून तो रिकामा, असे त्या सांगतात, आणि त्यांचे म्हणणे मला कधीच चुकीचे वाटले नाही. आम्ही कॅथलिकसुद्धा उठलेल्या ख्रिस्तावरच विश्वास ठेवतो. परंतु बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात उठलेला प्रभू आपल्या थोमा या शिष्याला आपल्या हातांवरच्या आणि कुशीतल्या जखमा दाखवतो, म्हणजे पुनरुत्थानानेही त्या जखमा पुसल्या नाहीत, ही गोष्ट माझ्या मनात फार खोलवर रुतलेली आहे. आमच्याकडे मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी वेदीवर किंवा तिच्याजवळ नुसता क्रूस नव्हे, तर क्रुसावर खिळलेल्या ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस असावा लागतो, कारण कालवारीवर, म्हणजे येशूला क्रुसावर दिले त्या टेकडीवर, एकदाच झालेले ते अर्पण त्या वेदीवर आपल्यासमोर उपस्थित होते, अशी आमची श्रद्धा आहे.

एवढे सगळे आजींना कसे सांगावे? मी म्हणाले, "आजी, ह्यांचं नाव येशू. ह्यांना कोणी हरवून तिथं चढवलं नाही. माणसांवरच्या मायेपोटी त्यांनी आपणहून जीव दिला."

"आनि डोईवर ती पाटी कसली?"

ती पाटी रोमन सुभेदार पिलाताने लावली होती. 'नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा' हे शब्द हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलेले होते. आमच्या मूर्तींवर त्यांतल्या लॅटिन शब्दांची चार आद्याक्षरे तेवढी उरली आहेत. ज्या गुन्ह्यासाठी शिक्षा दिली तोच त्यात लिहिला होता, आणि आम्ही मात्र ते वाक्य खरे मानतो, हे मी त्यांना सांगितले. काट्यांचा मुकुट घातलेला राजा ही कल्पना आजींना मुळीच अवघड गेली नाही. त्यांनी मान हलवली आणि मूर्तीच्या पायांकडे बोट केले. "पायात बी खिळा हाय."

त्यांच्या स्वतःच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. त्यांनी दोन बोटे मूर्तीच्या पायांना लावली आणि ती कपाळाला टेकवली. शुभ शुक्रवारी, येशूच्या मरणाच्या स्मरणदिनी, आम्ही रांगेने पुढे जाऊन त्याच पायांवर ओठ टेकवतो. त्या वेळी लाकडाची किंवा धातूची पूजा होत नसते, मूर्तीला दिलेला मान जिची ती मूर्ती आहे त्या व्यक्तीकडे जातो, हे चर्चच्या धर्मगुरूंच्या निकेया येथील दुसऱ्या परिषदेने 787 साली स्पष्ट केले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे मी पाठ केले होते. पण ते शिकवण्याची आजींना गरज नव्हती.

"चल माउली, पालखी म्होरं गेली," असे म्हणत त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे तारडगावच्या तंबूत काकड्याचे अभंग चालू असताना मी जपमाळ काढली. तिची सुरुवात क्रूसमूर्ती हातात धरून विश्वासांगिकार, म्हणजे आमच्या श्रद्धेचे सार सांगणारी प्रार्थना, म्हणण्याने होते, आणि त्यात 'पिलाताच्या वेळी दुःख भोगले' असे शब्द येतात. त्या शब्दांशी मी थांबले. समोर आजी अंगठ्याची चिंधी सोडून नवी बांधत होत्या. फलटणपर्यंतची मोठी मजल अजून चालायची होती.